बागेतल्या १० मीटर वेदर मास्टचं अर्थिंग कसं करावं? वीज लांब पडली तरी लॉगर गेला

निफाड_शिवार:

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटाचं एक वेदर स्टेशन आहे, निफाड तालुक्यात, द्राक्षाच्या प्लॉटला लागून. १० मीटरचा जीआय पाइपचा मास्ट, तीन बाजूंना स्टे (ताण देणाऱ्या तारा), वर वाऱ्याचा कप आणि दिशेचा पंखा, २ मीटरवर टेम्परेचर-ह्युमिडिटी, बाजूला पाऊस मोजायचं भांडं, ओळीत पानांच्या ओलाव्याचा सेन्सर आणि जमिनीत मॉइश्चरचे दोन सेन्सर. डाऊनी आणि भुरीच्या फवारण्या आम्ही बऱ्याच अंशी याच्यावर ठरवतो, त्यामुळे गोडी छाटणीनंतर हे बंद असलेलं परवडत नाही.

तर झालं असं की मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला, कडकडाट जबरदस्त होता, आणि वीज मास्टवर पडलीच नाही, बांधावरच्या लिंबावर पडली, मधे दोन-तीन प्लॉटचं अंतर आहे. तरी लॉगर (सेन्सरचं रीडिंग साठवणारं यंत्र) गेला, पंपघरातला राउटर गेला, आणि पावसाचं भांडं त्या दिवसापासून शून्यच दाखवतंय, वाऱ्याचा कप मात्र चालू आहे. स्टेशनला वीज आणि इंटरनेट दोन्ही पंपघरातून येतं, जमिनीतून साधारण ७० मीटर केबल टाकलेली आहे. मास्टला खाली एक रॉड ठोकलेला आहे आणि त्याला वायर जोडली आहे, म्हणजे अर्थिंग नाही असं नाही.

आता गटाने नवीन लॉगर घ्यायचं ठरवलंय, पण त्याआधी हे नीट करून घ्यायचंय आणि सल्ले मिळतायत ते एकमेकांच्या विरुद्ध. ज्यांनी स्टेशन बसवलं ते म्हणतात इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळं स्वच्छ अर्थिंग करा, मास्टच्या अर्थिंगपासून लांब. आमचा वायरमन म्हणतो कोळसा-मीठ टाकून मोठा खड्डा करू, १ ओमच्या खाली आणू, काही होणार नाही. एक विक्रेता येऊन गेला, तो म्हणतो आमचा खास अरेस्टर लावा, आख्खी बाग कव्हर होते. आणि गटातल्या ज्येष्ठांचं म्हणणं असं की वर टोकदार रॉड लावला तर उलट वीज ओढून घेईल, आत्ता आहे तेच बरं. कुणाचं ऐकायचं? आणि एक काळजी अशी की मास्टच्या शेजारीच मांडवाच्या तारा आहेत, बाया तिथे काम करत असतात, त्यांना त्रास व्हायला नको. कुणी असं काम केलेलं असेल तर सविस्तर सांगा.

अंबड_इन्स्ट्रुमेंट:

दादा, तुम्ही सगळं व्यवस्थित लिहिलंय म्हणून उत्तर देणं सोपं आहे. मी अंबड एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, टाकीवरचे लेव्हल ट्रान्समीटर आणि फील्डमधली पॅनेल पावसाळ्याच्या तोंडाला अशीच जातात, त्यामुळे हा विषय रोजचा आहे.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की तुमच्या बाबतीत घडलं ते नेहमीचंच आहे, थेट वीज पडणं हे फार दुर्मीळ. हिशोब करून बघा. आयईसी ६२३०५, म्हणजे विजेपासून संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय मानक, त्यात मोकळ्यावर उभ्या असलेल्या उंच वस्तूवर वीज पडण्याचं क्षेत्र धरतात ते उंचीच्या तिप्पट त्रिज्येचं वर्तुळ. १० मीटरच्या मास्टला ३० मीटर त्रिज्या, म्हणजे साधारण २८०० चौरस मीटर. समजा तुमच्या भागात वर्षाला चौरस किलोमीटरमागे ३ विजा जमिनीवर पडतात असं धरलं तर थेट मास्टवर पडायला सरासरी शंभर-सव्वाशे वर्षं लागतील. पण ५०० मीटरच्या आत कुठेही पडणारी वीज धरली तर तोच आकडा वर्षाला दोनपेक्षा जास्त येतो. म्हणजे तुमचं स्टेशन जाणार ते आजूबाजूला पडलेल्या विजेने, आणि ती आत शिरते केबलमधून. ७० मीटरची तांब्याची केबल जमिनीत पसरलेली आहे, ती अँटेनाचंच काम करते, विजेच्या चुंबकीय क्षेत्राने तिच्यात व्होल्टेज उठतं आणि ते दोन्ही टोकांना जे असेल त्याच्यावर आदळतं, एकीकडे लॉगर, दुसरीकडे राउटर. दोन्ही गेले ना, ते उगाच नाही.

दुसरं, वेगळ्या स्वच्छ अर्थिंगचा सल्ला, हा अजिबात ऐकू नका, मी हे अगदी कळकळीने सांगतोय कारण निम्मं नुकसान याच्यामुळेच होतं. वीज अर्थिंगमध्ये उतरली की त्या जागेच्या जमिनीचं व्होल्टेजच वर चढतं. साधारण वीज ३० किलोअँपिअरची धरा, अर्थिंग १० ओमचं असेल तर त्या क्षणी मास्टचा पाया लांबच्या जमिनीच्या तुलनेत ३ लाख व्होल्टवर असतो. आता १५-२० मीटरवर लॉगरचं वेगळं अर्थिंग आहे, ते खाली राहिलं, आणि मास्टवरच्या सेन्सरची केबल लॉगरला जोडलेली आहे, तर हा सगळा फरक कुठून जाणार, लॉगरच्या बोर्डातूनच. वायरमन म्हणतो तसं १ ओम केलं तरी ३० हजार व्होल्ट उरतातच, त्याने १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक्स वाचत नाही. ओम कमी असणं चांगलंच आहे, पण वाचवणारी गोष्ट ती नाही. वाचवणारी गोष्ट ही की मास्ट, लॉगरची पेटी, सोलर पॅनेलची फ्रेम, केबलचं शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण), सर्ज प्रोटेक्टर (अचानक आलेलं जास्तीचं व्होल्टेज अर्थिंगकडे वळवणारा भाग), सगळं एकाच पट्टीला एकाच जागी बांधलेलं असावं. मग वर चढायचं तर सगळं एकत्र चढतं, आत फरकच पडत नाही, आणि फरक नाही तर करंट नाही.

त्यासाठी लॉगरची पेटी मास्टलाच लावा, लोखंडी पेटी असेल तर उत्तम, आत खालच्या बाजूला तांब्याची किंवा पितळी बार ठेवा, सगळ्या केबल तळातून ग्लँडमधून आत घ्या आणि आत आल्या आल्या प्रोटेक्टरवर न्या. प्रोटेक्टरची बारपर्यंतची वायर एकदम आखूड पाहिजे. १ मीटर वायर म्हणजे अंदाजे १ मायक्रोहेन्री, एका मायक्रोसेकंदात फक्त १ किलोअँपिअर चढला तरी त्या एका मीटरवर १००० व्होल्ट उभे राहतात, मग प्रोटेक्टर कितीही भारी असला तरी लॉगरला ते १००० व्होल्ट जास्तीचे मिळणारच. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या वर नको. आणि ती वायर व्यवस्थित दिसावी म्हणून गुंडाळी करून, काटकोनात वळवून लावतात तसं करू नका, सरळ खाली.

पावसाच्या भांड्याचं सांगायचं तर बहुतेक आतला रीड स्विच (पाण्याने भरून कलणाऱ्या छोट्या बादलीवरच्या चुंबकाने उघडझाप होणारा) चिकटलाय. त्याची काडी फार नाजूक असते, क्षणभर मोठा करंट गेला की संपर्काचे टोक वितळून जोडले जातात, मग बादली हलली तरी पल्स येत नाही. मल्टिमीटरने कंटिन्युटी बघा, बादली कुठल्याही बाजूला असली तरी बीप वाजत राहिली तर तेच. स्विच बदलता येतो, आख्खं भांडं घ्यायची गरज नाही.

दिंडोरी_मळा:

अंबडवाल्या भाऊंनी सांगितलं तेच मी शेतकरी भाषेत सांगतो, ती पंपघराची केबल काढूनच टाका. आमच्याकडे स्टेशन पहिल्यापासून सोलरवर आहे, छोटं पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी, आत सिमकार्डचा मॉडेम, बाहेर जाणारी एकही तार नाही. आजूबाजूला विजा पडतात, पंपाचे स्टार्टर जळालेत, पण स्टेशनला अजून काही झालेलं नाही. पॅनेल मात्र मास्टच्याच खाली लावा, लांब शेडवर लावून तिथून तार आणली तर परत तेच दुखणं.

सिन्नर_मुरूम:

मी अर्थिंगची कामं घेतो, सिन्नर, निफाड, येवला या पट्ट्यात बरीच केली आहेत. वरचं सगळं बरोबर आहे पण जमिनीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण आपल्याकडे खेळ जमिनीचाच आहे.

नाशिक जिल्हा म्हणजे खाली सगळा बेसॉल्ट. निफाडकडे गोदाकाठी वर काळी माती चांगली खोल असते, पण सिन्नर, चांदवडच्या माळावर गेलात की हातभर मातीखाली मुरूम आणि मग कातळ. ओली काळी माती विजेला फार चांगली, रेझिस्टिव्हिटी (माती करंटला किती अडवते ते माप) दहा-वीस ओम-मीटरपर्यंत मिळते, मुरमाची त्याच्या कितीतरी पट आणि घट्ट कातळाची हजाराच्या पुढे. ३ मीटरचा १६-१७ मिलिमीटरचा रॉड १०० ओम-मीटरच्या जमिनीत ठोकला तर एकट्याचं रीडिंग ३३ ओमच्या आसपास येतं, हे सूत्रानेच येतं, वायरमनच्या हातगुणाचा त्यात संबंध नाही. २० ओम-मीटरची जमीन असेल तर तोच रॉड ७ ओमला येतो. तर तुमचा रॉड कुठल्या मातीत आहे ते आधी बघा.

काळ्या मातीचं दुसरं दुखणं म्हणजे ती उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिल-मेमध्ये रॉडच्या भोवती हात जाईल एवढी फट पडते आणि वरच्या मीटरभरात रॉड मातीला टेकलेलाच नसतो. आणि आपल्याकडे विजांचा धोका नेमका तेव्हाच, वळवाच्या वेळी, नाहीतर मग परतीच्या पावसात. म्हणून ऑगस्टमध्ये चिखल असताना घेतलेलं रीडिंग बघून समाधान मानू नका, मे महिन्यात मोजा. खड्डा करून रॉडभोवती बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) भरला तर तो ओलावा धरून ठेवतो आणि फटही पडू देत नाही. ठिबकचा एक ड्रिपर त्या खड्ड्यावर सोडून द्या, पण साध्या पाण्याच्या लाईनवरून, खतं सोडता त्या लाईनवरून नको.

कोळसा-मीठ मात्र द्राक्षबागेत करू नका हे हात जोडून सांगतो. मिठाने पहिल्या वर्षी रीडिंग छान येतं, मग पावसाने ते वाहून जातं आणि जाता जाता जीआय पाइप खाऊन टाकतं. शिवाय द्राक्षाला खारं पाणी सोसत नाही, मुळ्या जवळ असतील तर पानांच्या कडा जळालेल्या दिसतील आणि तुम्ही पोटॅश कमी पडलं म्हणून डोकं खाजवत बसाल.

माझा सल्ला, एक खोल खड्डा करण्यापेक्षा चरी काढा. मास्टच्या पायापासून तिन्ही स्टेच्या दिशेने, स्टेचा अँकर गाठून पुढे आणखी थोडं, ६०-७५ सेंटिमीटर खोल, म्हणजे नांगर-रोटरला लागत नाही. त्यात जीआय पट्टी टाका आणि प्रत्येक टोकाला एक रॉड. १०० ओम-मीटरच्या जमिनीत एकूण २० मीटर पट्टी पुरली तर नुसत्या पट्टीचंच रीडिंग ८-९ ओमला येतं, एकट्या रॉडच्या पावपट. खाली कातळ लागला आणि रॉड जातच नसला तर दुसरा उपायच नाही, आडवंच पसरावं लागतं. विजेचा करंट तीन दिशांना वाटला जातो हा फायदा वेगळाच. रॉड एकमेकांच्या जवळ ठोकू नका, कमीत कमी रॉडच्या लांबीएवढं अंतर, दुप्पट असेल तर चांगलं, जवळजवळ ठोकलेले तीन रॉड एकाच रॉडसारखे वागतात.

तांब्याची पट्टी घेऊ नका. रानात तांबं टिकत नाही, रात्रीत काढून नेतात, आणि जीआय मास्टला तांबं थेट बोल्टने जोडलं की ओलाव्यात जस्त खाल्लं जातं, दोन पावसाळ्यांत सांधा पांढरा पडून सैल होतो. २५ बाय ३ किंवा २५ बाय ६ ची जीआय पट्टी सगळीकडे, आणि सांध्यांना बिट्युमेन. कॉपर बाँडेड रॉड घ्यायचे असतील तर १७.२ मिलिमीटरचे, २५० मायक्रॉन कोटिंगचे, पण मग पट्टीशी जोडताना बायमेटल क्लँप घ्या आणि सांधा मातीत उघडा ठेवू नका.

आणि मोजताना एक लक्षात ठेवा, क्लँप मीटर घेऊन कुणी आला आणि एकट्या रॉडभोवती लावून आकडा सांगितला तर तो आकडा धरू नका. क्लँप मीटरला करंट फिरून यायला दुसरा रस्ता लागतो, सुटा रॉड त्याला दिसतच नाही. तीन खुंट्यांची पद्धतच करा, करंटची खुंटी ५० मीटरवर, व्होल्टेजची ३१ मीटरवर, आणि मग व्होल्टेजची खुंटी थोडी पुढे-मागे करून बघा, आकडा फारसा हलला नाही तर खरा.

वारा_आणि_पाऊस:

मी हवामानशास्त्र शिकले आहे आणि स्टेशनच्या डेटाचं काम करते, त्यामुळे वरच्या टोकाबद्दल बोलते.

ज्येष्ठांना समजावून सांगा की रॉडमुळे वीज ओढली जात नाही. वर जो हिशोब दिलाय त्यात उंची येते, टोक येत नाही, १० मीटरचा लोखंडी पाइप रॉड नसतानाही तेवढ्याच विजा घेणार. फरक इतकाच की रॉड नसेल तर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमचा ॲनेमोमीटर (वाऱ्याचा कप), आणि मग पहिला मार त्याच्या बेअरिंगला आणि त्याच्या केबलला. १७५२ मध्ये फ्रँकलिनच्या काळापासून हीच गोष्ट आहे, वीज थांबवता येत नाही, तिला आपण ठरवलेल्या वाटेने खाली नेता येतं.

खास अरेस्टरबद्दल, ज्याला ईएसई म्हणतात, ते आधी स्ट्रीमर (टोकातून विजेकडे वर जाणारी ठिणगी) सोडतात म्हणून मोठी त्रिज्या कव्हर होते असा दावा असतो. त्याचं फ्रेंच मानक आहे, एनएफसी १७-१०२, पण आपलं मानक म्हणजे आयएस/आयईसी ६२३०५ त्या जास्तीच्या त्रिज्येला कसलंही श्रेय देत नाही, त्याच्या दृष्टीने तोही एक साधा रॉडच. वैज्ञानिकांमध्ये त्या दाव्यावर बरीच वर्षं टीका चालू आहे. ते पैसे सर्ज प्रोटेक्टरवर घाला. शिवाय बाग कव्हर झाली तरी तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण वीज बागेबाहेरच्या लिंबावर पडली होती आणि आत आली ती केबलमधून.

साधा १०-१२ मिलिमीटरचा जीआय रॉड पुरेसा आहे. तो ॲनेमोमीटरपासून निदान अर्धा मीटर बाजूला आणि टोक त्याच्या मीटरभर वर, म्हणजे ४५ अंशाच्या शंकूत सेन्सर आरामात येतो. दिशाही बघा, पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येकडून, म्हणून रॉड ईशान्येकडे लावा, नाहीतर त्याच्या मागचा भोवरा कपवर येऊन वेग कमी मोजला जाईल. हिवाळ्यात ईशान्येचा वारा आला की थोडा परिणाम होईल, पण तुम्हाला डाऊनीच्या दिवसांतला डेटा महत्त्वाचा आहे. मास्ट दोन-तीन तुकड्यांचा असेल तर प्रत्येक सॉकेटच्या सांध्यावर बाहेरून पट्टीचा जंपर टाका, रंग आणि गंज यामुळे सांधा दिसायला जोडलेला पण विजेसाठी तुटलेला असतो. वेगळी खाली येणारी वायर लागत नाही, पाइप स्वतःच ते काम करतो. आणि सेन्सरच्या केबल पाइपच्या बाहेरून टाय मारून नेण्यापेक्षा आतून न्या, बंद पाइपमध्ये चुंबकीय क्षेत्र जवळजवळ नसतंच, फुकटचं संरक्षण आहे हे.

निफाड_शिवार:

सगळ्यांचे मनापासून आभार, हे एवढं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. केबल काढायची हे गटात आजच बोललो, सगळ्यांना पटलं, सोलर आणि सिमवर जाऊ. आता तीन शंका राहिल्या. एक म्हणजे जमिनीतले मॉइश्चर सेन्सर आणि ओळीतला पानांचा सेन्सर, त्यांच्या तारा ८-१० मीटरच्या आहेत, त्या तर काढता येणार नाहीत. दुसरं, स्टेचे अँकर काँक्रीटमध्ये आहेत, त्यांना पण अर्थिंग लागतं का? आणि तिसरं मांडवाच्या तारांचं, त्या मास्टला जोडायच्या की लांब ठेवायच्या?

अंबड_इन्स्ट्रुमेंट:

जमिनीतल्या सेन्सरचं तुम्ही बरोबर ओळखलंत, ते सगळ्यात धोक्याचे, कारण त्यांचं डोकं लांबच्या मातीत आहे आणि शेपूट लॉगरमध्ये. लॉगरची जमीन वर चढली की तोच फरक त्या तारेवर येतो. शक्य असेल तर त्यांच्यासाठी छोटा बॅटरीवरचा लोरा नोड (बिनतारी डेटा पाठवणारा) घ्या, तार लॉगरपर्यंत येतच नाही. तार ठेवायचीच असेल तर प्रत्येक तारेवर पेटीत शिरताना दोन पायऱ्यांचं संरक्षण, आधी ९० व्होल्टची जीडीटी (गॅस भरलेली सर्ज नळी), मग १० ओमचा रेझिस्टर, मग टीव्हीएस (जास्तीचं व्होल्टेज झटकन दाबणारा डायोड). जीडीटी मोठा करंट पितो पण त्याला पेटायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात टीव्हीएस पकडतो, आणि मधला रेझिस्टर नसेल तर टीव्हीएसच सगळं घेतो आणि मरतो, जीडीटी पेटतच नाही. सेन्सरचा डेटा आरएस-४८५ (दोन तारांची डेटा लाईन) वरून येत असेल तर एसएम७१२ हा टीव्हीएस त्याच्यासाठीच बनवलेला आहे, उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या रेंजचा. पावसाच्या भांड्याला १०० ओम सिरीजमध्ये आणि एक टीव्हीएस, एवढ्यावर रीड स्विच खूप काळ टिकतो. शील्ड लॉगरच्या टोकाला बारला थेट जोडा, लांबच्या टोकाला छोट्या जीडीटीतून, म्हणजे रोजचा हम (लाईनमधून येणारा गोंगाट) येत नाही आणि विजेच्या वेळी दोन्हीकडून बांधलेलं राहतं. एक सांगून ठेवतो, पेटीत फ्यूज किंवा एमसीबी आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये, वीज मायक्रोसेकंदात येऊन जाते, फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

स्टेला अर्थिंग लागतंच. वीज पडली तर तिचा वाटा स्टेमधूनही उतरणार, आणि अँकरचा रॉड नुसता काँक्रीटमध्ये असेल तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन काँक्रीट फुटू शकतं. सिन्नरवाल्या दादांनी पट्टी अँकरवरून न्यायला सांगितली ती यासाठी पण उपयोगाची आहे, स्टेच्या खालच्या टोकाला वायर-रोप क्लँपने एक जंपर घेऊन तो पट्टीला जोडा. नवीन पाया करणार असाल तर सळयांचा जाळा पट्टीला वेल्ड करून घ्या, ओलं काँक्रीट स्वतःच चांगला अर्थ आहे, दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात उफर नावाच्या इंजिनिअरने हेच वापरलं होतं.

दिंडोरी_मळा:

मांडवाचं मी सांगतो. मास्ट ओळीच्या आत ठेवूच नका, हेडलँडवर (ओळींच्या टोकाच्या मोकळ्या पट्ट्यावर) घ्या, शेवटच्या अँगलपासून आणि स्टेपासूनही निदान पाच-सहा मीटर. आमचा आधी ओळीत होता, स्टेची तार मांडवाच्या तारेला घासत होती. मास्टवर आलेलं सगळं तारेतून आख्ख्या ओळीत पसरणार, १०० मीटरवर कुणी तार धरून डोळे काढत असेल तर त्याला.

वारा_आणि_पाऊस:

सहमत. पण मास्ट हलवला म्हणून तारा सुरक्षित झाल्या असं बायांना सांगू नका, कारण मांडव स्वतःच एवढा मोठा लोखंडी पसारा आहे की वीज त्याच्यावर कुठेही पडली तरी लांबवर जाणवेल, आणि मास्टचं कितीही चांगलं अर्थिंग माणसाला वाचवत नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप गटातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका, जवळपास विजा व्हायला लागल्या की इशारा येतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, चमक आणि आवाज यात ३ सेकंद म्हणजे १ किलोमीटर. तार सोडायची, ओळीतून बाहेर यायचं, पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या पिकअपमध्ये बसायचं. ट्रॅक्टरवर नाही, झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबून मग कामाला. मुकादमाला हे अधिकाराने सांगून ठेवा, बायांनी विचारायची वाट बघू नका, रोजंदारी कापली जाईल या भीतीने त्या थांबत नाहीत, म्हणून त्या वेळेचे पैसे गटाने द्यायचे हेही आधीच ठरवा.

सिन्नर_मुरूम:

मास्टच्या पायाशी ३ मीटरपर्यंत १५ सेंटिमीटर खडीचा थर टाका, मानकात हेच दिलंय, जमिनीतल्या व्होल्टेजचा पायांना बसणारा झटका त्याने बराच कमी होतो. भोवती कुंपण करायचं तर लाकडी किंवा बांबूचं करा, तारेचं नको. आणि पायाशी मास्ट आणि पट्टी यांच्यामध्ये एक टेस्ट लिंक ठेवा, बोल्ट काढला की अर्थिंग सुटं मोजता येतं.

निफाड_शिवार:

खडीचं आणि टेस्ट लिंकचं लिहून घेतलं. मजुरीचं पण गटाच्या बैठकीत ठेवतो, ताईंनी सांगितलं ते अगदी खरं आहे. शेवटचा प्रश्न, चरी आत्ता काढल्या तर चालेल का, की छाटणी झाल्यावर? आणि पंपघराचं अर्थिंग मास्टच्या अर्थिंगला जोडायचं का?

सिन्नर_मुरूम:

चरी पावसाआधीच काढून घ्या, माती बसायला एक पावसाळा मिळतो. भरताना वरचा मुरूम बाजूला ठेवा आणि पट्टीभोवती काळी मातीच घाला, चाळून, दगड नको, आणि थोडं पाणी मारून धुम्मस करा. पंपघर ६०-७० मीटरवर आहे आणि मधे आता एकही तार राहणार नाही, तर जोडायची गरज नाही, उलट पंपाच्या लाईनवरून येणारा सर्ज तिकडेच राहू द्या. पुढे कधी तिथून तार घ्यायची वेळ आली तर फायबर घ्या, तोही आत स्टीलची तार नसलेला. पट्टी टाकून झाली की चर बुजवायच्या आधी सगळ्या सांध्यांचे फोटो काढून ठेवा आणि बांधापासूनची मापं कागदावर लिहा, नाहीतर नंतर बोअरवाला किंवा पाइपलाईनवाला जेसीबी लावून तोडून जातो आणि कुणाला कळतही नाही. टेस्ट लिंक मोजायला उघडाल ते सकाळी, आभाळ स्वच्छ असताना, आणि मोजून झालं की बोल्ट लगेच परत आवळा.

अंबड_इन्स्ट्रुमेंट:

आणि नवीन लॉगर आला की बसवायच्या आधी त्याच्या पेटीचा आतला फोटो इथे टाका, प्रोटेक्टर ते बार ही वायर किती लांब आहे ते बघून सांगतो. बहुतेक वेळा कंपनीकडून आलेल्या पेटीत ती अर्धा मीटर असते, कापून आखूड करायला पाच मिनिटं लागतात.